कुंपण का वाळते?

(वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला कोणी विदुषी बोलवावी, तिने चार मोलाचे विचार सांगावेत, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारखीला उभे केले आहे, आणि विषय दिला आहे तो दारातल्या कुंपणाचा! विषय ऐकून कोणाला हसू आले असेल तर खुशाल हसा. पण आज फाटकातून आत शिरताना डाव्या हाताची ती बोडकी जागा तुम्ही सर्वांनी पाहिलीच असेल. तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे, आणि बोलता बोलता एक कबुलीही द्यावयाची आहे.

नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून आधी थोडा इतिहास. आपले हे कुंपण कुंतीचे. कोणी तिला कामिनी म्हणतात. लिंबू आणि कढीपत्ता ह्यांच्याच कुळातली ती. पान चुरगळून पाहा, वासावरून ओळख पटेल. मंडळ निघाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आपल्या संस्थापक सभासदांनी ही रोपे तेलाच्या डब्यांतून आणली आणि स्वतःच्या हातांनी लावली. साठ फूट लांबीत बेचाळीस झाडे. नळ तेव्हा नव्हता. आळीपाळीने घरून कळशी आणून पाणी घालायचे. त्या लावणाऱ्यांपैकी दोघी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. श्रावणातल्या शुक्रवारी भजनाला बसले की बाहेरून जो वास येतो तो ह्याच फुलांचा, हे सांगावयास नकोच.

मागच्या दसऱ्यानंतर फाटकाजवळची तीन-चार झाडे मान टाकू लागली. पाने मलूल झाली, मग पिवळी पडून गळू लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत अकरा झाडे वाळली किंवा वाळण्याच्या पंथाला लागली, आणि मधल्या दहा-बारा झाडांच्या शेंड्यांवर पिवळेपण चढले. कार्यकारिणीच्या सभेत सूचना आली की, आता हे काढून टाकावे आणि सरळ विटांची भिंत घालावी. सूचना काही वाईट हेतूने आलेली नव्हती. वाळके कुंपण दिसायला वाईट, गुरेकुत्री आत शिरतात, आणि भिंतीला पाणी घालावे लागत नाही, हेही खरेच! मी एवढेच म्हटले की, मला अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत द्या. मुदत मिळाली. त्या मुदतीत काय केले आणि काय सापडले, त्याचा हा हिशेब.

मी झाडांची डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण मराठी घेऊन बी. ए. पर्यंतचे, झाडांचे शिक्षण झाले ते सासूबाईंच्या हाताखाली, सांगलीच्या परसात. त्यांचे एक वाक्य असे, 'आधी बघ, मग हात लाव.' आपल्या कुंपणाच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी नेमके उलटे केले. झाडे मलूल दिसताच शेजारच्या वहिनींनी मायेने रोज संध्याकाळी नळी सोडली. बिचारी तहानलेली दिसतात म्हणून. आपल्या खजिनदारबाईंनी मूठमूठ युरिया टाकला. एकीने ताक घातले, एकीने हिंगाचे पाणी. कोणी तरी एक फवारणीवालाही आणला. त्याने बाटलीतले औषध बादलीत ओतले, भराभरा उडवले आणि पैसे घेऊन गेला. बाटलीवर काय लिहिले होते ते आमच्यापैकी एकीनेही वाचले नाही. दुखणे काय हे ठाऊक होण्यापूर्वी पाच औषधे झाली होती! घरातल्या मुलाला आपण असे कधी करू का?

तेव्हा पहिली गोष्ट मी केली ती ही की, सगळ्यांचे हात थांबवले. मग एका सकाळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले आणि सबंध रांग एका नजरेत पाहिली. हे तुम्हीही आपापल्या कुंपणाचे करून पाहा. झाडाजवळ बसले म्हणजे आपल्याला पान दिसते. दूर उभे राहिले म्हणजे दुखण्याची ठेवण दिसते. चांगल्या रांगेत मध्येच एखादे झाड वाळले तर त्या झाडापुरते काही तरी घडले आहे. मुळाशी हुमणी असेल, बुंध्याला कुदळ लागली असेल, कोणी गरम पाणी ओतले असेल. एका टोकापासून ओळीने झाडे जात असतील तर ते कारण जमिनीत आहे, आणि ते पुढे सरकते आहे. झाडाची एकच बाजू, म्हणजे रस्त्याकडची तेवढीच करपली असेल, तर धूळ, उन्हाची झळ किंवा शेजारच्याने पेटवलेला कचरा पाहावा. आणि फाटकाच्या खांबाशी असलेल्या एकट्या झुडपाची खालचीच पाने काळी पडून जळत असतील तर, भगिनींनो, गल्लीतल्या कुत्र्यांचा तो मुक्कामाचा खांब आहे! त्याला औषध नाही. रोज सकाळी बादलीभर पाण्याने बुंधा धुवावा, आणि जमल्यास खांबापुढे दोन मोठे दगड ठेवावेत.

आपल्या रांगेत मला तीन तुकडे वेगवेगळे दिसले. फाटकाकडची अकरा झाडे मान टाकलेली. मधली दहा-बारा पिवळ्या शेंड्यांची, पण उभी. आणि पलीकडची, नळाच्या बाजूची, हिरवीगार. दुखणे एक नव्हते, निदान दोन होती. एकाच औषधाने सगळी रांग कशी बरी व्हावी?

मग नखाची परीक्षा. वाळल्यासारख्या दिसणाऱ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे, ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर गेली. शेंड्यापासून सुरुवात करून खाली खाली यावे. पुष्कळदा शेंडा गेलेला असतो, पण वीतभर खाली जीव असतो. अकरांपैकी चार झाडांना बुंध्याजवळ हिरवे सापडले. सात पार गेली होती. जे झाड आपण मेले म्हणून उपटायला निघतो, त्याला निदान एवढी संधी द्यावी.

ह्यानंतर खुरपे घेऊन बुंध्याशी बसले, आणि इथे माझी कबुली येते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आपण अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवून घेतले. काम उरकल्यावर राडारोडा उरला. वाळू, खडी, सिमेंटचे गोळे, फुटके ठोकळे. तो उचलून नेण्याचे ठेकेदाराने वेगळे पैसे सांगितले. तेव्हा मी चिटणीस होते. मी म्हटले, कुंपणाच्या कडेला पसरून टाका, वरून लाल माती घालू, छान उंच वाफा दिसेल. तसेच झाले, दिसलेही छान, सगळ्यांनी वाखाणले. इतिवृत्तात त्या निर्णयाखाली माझी सही आहे. मी परवा ती काढून पाहिली.

खुरप्याने माती बाजूला करू लागले तो एक वीत खाली जाईपर्यंत मूळ लागेना. झाडाचे खोड आणि मूळ जिथे मिळते तिथे खोड किंचित फुगीर होते. ती जागा जमिनीच्या वर, उजेडात आणि वाऱ्यात असावयास हवी. मूळ मातीत वाढण्यासाठी झालेले असते, खोडाची साल तशी नसते. तिच्यावर ओली माती सदा चिकटून राहिली की साल मऊ पडते, कुजते, आणि पानात तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरण्याची वाट बंद होते. आपल्या फाटकाकडच्या झाडांचे खोड वीतभर पुरले गेले होते. साल बोटाने दाबली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली.

एवढ्यावर मी थांबले नाही. कुंपणाच्या दोन्ही टोकांना फूटभर खोल, फूटभर रुंद असा एकेक खड्डा घेतला, आणि दोन्हींत सारखे पाणी ओतले. नळाकडच्या खड्ड्यातले पाणी दोन-तीन तासांत जिरले. फाटकाकडचे दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला निघाले तेव्हाही तसेच उभे होते. ही परीक्षा बिनखर्चाची आहे आणि तिच्याइतके खरे मला दुसऱ्या कशानेच सांगितले नाही. खाली आपली काळी जमीन, वर घट्ट बसलेला राडा, आणि ठोकळे बसवताना अंगणाचा उतार नकळत कुंपणाकडे झालेला. पूर्वी अंगणातले पाणी थेट गटाराकडे जाई; आता ते फाटकाकडच्या झाडांच्या पायाशी येऊन उभे राहू लागले.

मेलेल्यांपैकी एक झाड उपटून मुळे धुऊन पाहिली. निरोगी मूळ पांढरट-पिवळसर आणि टणक असते. ही काळसर झाली होती, वास गटारासारखा. आणि दोन बोटांत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून यावी आणि आत सुतासारखा दोरा उरावा, अशी गत.

आता ह्यातली खरी मेख सांगते. मूळ पाणी पिते तसे श्वासही घेते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्याला हवा मिळते. त्या पोकळ्या दिवसचे दिवस पाण्याने भरून राहिल्या की मूळ गुदमरते, मग बुरशी लागते, मूळ कुजते. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. आणि वर पानाला पाणी मिळाले नाही की पान मान टाकते. म्हणजे पाण्यात बुडालेले झाड आणि तहानलेले झाड वरून अगदी सारखे दिसते! वहिनींची नळी मायेची होती, पण ती बुडणाऱ्याच्या तोंडात आणखी पाणी ओतत होती. म्हणून पान मलूल दिसले की नळाकडे न धावता आधी बोट मातीत दोन पेरे खुपसावे. आत कोरडे असेल तर पाणी द्यावे. ओले असूनही पान मलूल असेल तर पाणी ताबडतोब बंद करावे. खजिनदारबाईंच्या युरियाचेही तेच. ज्याची मुळेच कुजली आहेत त्याला खत म्हणजे तापातल्या माणसाला श्रीखंड. नवी पालवी येईपर्यंत आजारी झाडाला कसलेही रासायनिक खत देऊ नये.

कोणी विचारील की, राडा पडला दोन वर्षांपूर्वी, मग झाडे वाळली मागच्या दसऱ्यानंतर, हे कसे? जुन्या झाडाजवळ खोडात आणि मुळांत साठवण असते. पहिला पावसाळा त्याने त्या साठवणीवर काढला. दुसऱ्यात शिल्लक संपली. झुडपाचे दुखणे दिसायला लागते तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा वर्षभर जुने असते. म्हणून 'काल काय झाले' असे न विचारता 'मागच्या वर्षी इथे काय बदलले' असे विचारावे. कोणी खणले का, भर घातली का, पाण्याची वाट बदलली का, शेजारी बांधकाम निघाले का? आमच्या गल्लीत तीन घरांची कुंपणे मी ह्या प्रश्नावर पाहिली. दोन ठिकाणी उत्तर तिथल्या तिथे मिळाले.

विदर्भातल्या संत्र्याच्या बागायतदारांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. कुंतीच्याच कुळातल्या त्या झाडांना बुंध्याशी पाणी राहिले की डिंक्या नावाचा रोग होतो. साल फुटून डिंक वाहतो आणि झाड खंगत जाते. म्हणून ते दुहेरी आळे करतात. खोडाभोवती आतले आळे मातीने उंच ठेवतात आणि पाणी बाहेरच्या आळ्यात देतात, जेणेकरून ते खोडाला शिवू नये. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला बोर्डो मलम लावतात. ते घरी करता येते. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरात, असे वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे मुळीच नको. मिश्रणात घासलेला खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पूट चढले तर चुना कमी पडला, आणखी घालावा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. आपली जी चार झाडे बचावली त्यांची कुजकी साल धारदार चाकूने खरवडून हे मलम लावले.

आता मधल्या पिवळ्या तुकड्याकडे येते. पिवळे पान पाहिले की आपण 'खत कमी पडले' म्हणतो. पण कोणते पान पिवळे आहे हे आधी पाहावे. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे. नत्र झाडात हिंडते फिरते असते; तोटा पडला की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देते, जसे घरातल्या मोठ्या माणसाने आपल्या ताटातले उचलून लेकराच्या ताटात वाढावे. उलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी, आणि त्यांत शिरा तेवढ्या हिरव्या रेखल्यासारख्या, असे दिसले तर लोहाची उणीव. लोह एकदा पानात बसले की हलत नाही, म्हणून जुने पान हिरवे राहते आणि नवे उपाशी. आपली मधली झाडे अशी दिसत होती.

गंमत अशी की, जमिनीत लोह नसते असे नाही. आपल्या दख्खनच्या मातीत ते भरपूर असते. पण माती चुनखडीची असली, किंवा आपल्यासारखी कोणी शहाणी तिच्यात सिमेंट मिसळून ठेवील, तर चुन्यामुळे ते लोह मुळांना उचलता येत नाही. कोठीत धान्य आहे आणि किल्ली हरवली आहे, तसे ते. म्हणून जमिनीत हिराकस टाकून विशेष उपयोग होत नाही; तोही तिथेच अडकतो. तो पानावर फवारावा. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि ग्रॅमभर लिंबूसत, ताजे ताजे करून, ऊन उतरल्यावर. पंधरा दिवसांनी पुन्हा. डाग मात्र जपा! फरशीवर आणि साडीवर पडलेला हिराकसाचा तांबडा डाग काही केल्या जात नाही. ठोकळ्यांवर आजही चार ठिपके आहेत, ते माझे. आपल्या झाडांना दोन फवारे दिले आणि नवी पालवी हिरवी आली. पण हा तात्पुरता उपाय झाला. खरा उपाय राडा काढून टाकणे हाच, आणि तो आपण केला आहे.

पलीकडच्या हिरव्या तुकड्यात दुखणे नाही, पण तिथेही एक खोड आहे. बुडाशी तो विरळ होऊन खालून कुत्री ये-जा करतात. ते दोष आपल्या कात्रीचे. माळी येतो तो वरचा भाग रुंद आणि खालचा अरुंद असा कापतो, कारण उभ्याने हात वर सहज चालतो. वरच्या फांद्यांची सावली खाली पडते आणि उजेड न मिळालेली खालची फांदी पाने टाकते. कुंपण बुडाशी रुंद आणि माथ्याशी जरा अरुंद असे कापावे. आणि भर उन्हाळ्यात खोल छाटणी करू नये. आतली कोवळी साल एकदम उन्हात उघडी पडली तर पोळते.

व्याख्यानाची बातमी लागल्यापासून तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी आपापल्या कुंपणाच्या फांद्या माझ्याकडे आणून दिल्या. आमच्या ओसरीचा दवाखानाच झाला होता. त्यांतल्या तीन गोष्टी सर्वांच्या उपयोगाच्या आहेत.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापूस पिंजून ठेवल्यासारखे पांढरे पुंजके, पाने आकसलेली, खाली मुंग्यांची रांग आणि खालच्या पानांवर काजळी. हा पिठ्या ढेकूण. काजळी हा वेगळा रोग नव्हे. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्यावर ती वाढते. मुंग्या त्या गोडासाठी ढेकणांची राखण करतात. म्हणून आधी मुंग्यांची चढण्याची वाट तोडावी, लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत, आणि उरलेल्यावर नळीच्या जोरदार धारेने मारा करावा. त्यानंतर निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे आणि संध्याकाळी फवारावे. जालीम विष मारू नये असे मी म्हणते त्याला कारण आहे. 2008 साली पपईवरचा एक परदेशी पिठ्या ढेकूण आपल्या देशात प्रथम कोइमतूरला दिसला, आणि बघता बघता पपई, तुती, जास्वंद असा पसरत आपल्या महाराष्ट्रातही आला. औषधे मारमारून तो हटेना. शेवटी 2010 साली पोर्टो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या. डोळ्याला जेमतेम दिसतील एवढ्या ह्या माश्या ढेकणाच्या अंगातच अंडी घालतात. त्यांनी ते काम केले. आपण विष फवारतो तेव्हा ढेकूण मेणाच्या कवचाखाली वाचतो आणि आपली ही मित्रमंडळी आधी मरते. एका जातीच्या ढालकिड्याची अळी तर ह्या ढेकणासारखीच पांढरी, झिपरी दिसते. पण ती मोठी असते, चांगली चालते आणि ढेकूण खाते. तिला मारू नका.

दुसरी अमरवेल. कोपऱ्यावरच्या घरच्या कोयनेलवर पिवळ्या शेवया टाकल्यासारखी ती पसरली आहे. दिसायला सुंदर, आणि घरच्या मुलीने ती हौसेने आणखी पुढच्या झुडपावर टाकली होती! तिला धड पान नाही आणि जमिनीत मूळ नाही. ती झुडपात सोंडा खुपसून त्याचाच रस पिते. नुसती ओढून काढली तर तुकडा राहतो आणि पुन्हा वाढतो. ज्या फांदीला तिचा वेढा आहे ती फांदीच कापावी, आणि फुले धरण्यापूर्वी कापावी. तिचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते.

तिसरी हुमणी. ही माझ्याच घरची. जास्वंदीचे झाड हिरवे असतानाच एके दिवशी मलूल झाले, आणि जरासे ओढताच हातात आले. मुळे कुरतडून साफ. खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर ह्यांवर तपकिरी भुंगेरे जमतात, ते ह्यांचे आईबाप. त्याच दिवसांत फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि साबणाच्या पाण्यात बुडवावेत. पुढे मुळांशी लढण्यापेक्षा ते सोपे. आणि न कुजलेले शेणखत कुंपणाला कधीही घालू नये.

भिंतीची गोष्ट निघाली तेव्हा माझ्या वाचनात आलेली एक हकीकत मी कार्यकारिणीत सांगितली होती. ती इथेही सांगते, कारण ती मिठाची आहे आणि मीठ आपल्या हातातले. इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून उत्तरेत सिंधू नदीपासून आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुरापर्यंत जकातीची एक हद्द आखली होती, आणि तिच्यावर शेकडो मैल कुंपण घातले होते. चांगल्या ठिकाणी ते दीड पुरुषाहून उंच होते. 1867 ते 1870 ह्या काळात तिथले जकात कमिशनर होते ॲलन ह्यूम. तेच पुढे 1885 साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. आधी वाळक्या काटेरी फांद्यांचे कुंपण घालीत. ते वाळवी खाई, आग खाई, वावटळ उडवून नेई. म्हणून ह्यूमसाहेबांनी जिवंत कुंपणाचा ध्यास घेतला. बोर, बाभूळ, करवंद, शेर अशी झुडपे जागेजागेची माती आणि पाऊस पाहून लावली. जिथे माती वाईट तिथे ती खणून काढून चांगली भरली. जिथे पाणी चढे तिथे बांध घालून वर लावली. जिथे काहीच येईना तिथे निवडुंग. गरिबाच्या चिमूटभर मिठावर कर घेणारे ते कुंपण 1879 साली मोडले हे बरेच झाले. पण झुडूप वाळले तर झुडपाला बोल न लावता पायाखालची माती तपासावी, ही त्या कमिशनरची दृष्टी मात्र मला घेण्यासारखी वाटली.

आपण काय केले ते थोडक्यात सांगते. माघात, थंडी असतानाच, राडा आणि भर काढली. सहा जणी आणि दोन मजूर, चार दिवस. प्रत्येक झाडाचा बुंधा फुगीर जागेपर्यंत मोकळा केला. अंगणाच्या कडेने वीतभर रुंद चर खणून तो गटाराला जोडला. चरात फुटके ठोकळेच भरले, म्हणजे तेही कामी आले. वाळलेल्या फांद्या हिरवे लागेल तिथपर्यंत छाटल्या. पाणी रोज थोडे थोडे देणे बंद केले. आता माती वर सुकली की आठवड्यातून एकदा, पण भरपूर. नख लावून जिवंत ठरलेल्या चार झाडांना चैत्रात बुंध्यातून फुटवे आले. त्यांतले एक पुढे गेले, तीन राहिली. म्हणजे एकंदर आठ झाडे आपण गमावली. ती माझ्या सहीने गेली, हे मी विसरू शकत नाही, आणि तुम्हीही मला सांभाळून घेण्यासाठी विसरू नका. पुढच्या चिटणीसबाईंना राडा पसरण्याची सूचना आली तर त्यांना हे आठवावे. पाडव्यानंतरच्या सभेत भिंतीचा ठराव मांडणाऱ्या भगिनींनी तो स्वतःच मागे घेतला, ह्याबद्दल त्यांचे मी जाहीर आभार मानते.

आता रिकाम्या आठ जागा भरावयाच्या आहेत. तिथली कुजकी माती दीड फूट खणून काढली आहे आणि उन्हाळाभर खड्डे तापू दिले आहेत. पहिल्या रांगेतल्या आपल्या दोघी आजींनी ह्याच कुंपणाची लाल फळे वेचून गेल्या वर्षी कुंड्यांत रोपे केली होती, कशासाठी म्हणून नव्हे, सवयीने. ती अकरा रोपे आहेत. मृगाचा पाऊस चांगला झाला की पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता लावणी करू. रोप कुंडीत जितके खोल आहे तितकेच जमिनीत जावे, बोटभरही खाली नको. ते मी स्वतः उभी राहून बघणार आहे. येताना जुनी साडी नेसून या, आणि खुरपे ज्याचे त्याने आणा. मंडळाकडे तीनच आहेत, आणि त्यांतल्या एकाची मूठ निघाली आहे.